दीडपट

कुलपात किल्ली फिरवली आणि आतला टीव्ही बंद झाला. एक बाई काहीतरी म्हणत होती, ती शब्दाच्या मध्येच गप्प झाली. दार ढकलून आत आले तर आई सोफ्याच्या एका टोकाला पेपर उघडून बसलेली आणि नवरा दुसऱ्या टोकाला पंख्याकडे बघत होता. पंखा बंद होता. दोघांच्या मध्ये शेंगदाण्यांची अर्धी वाटी, आईच्या मांडीवर चुरगळलेला रुमाल, आणि तिचे डोळे चांगले लाल झालेले. पेपर उलटा धरण्याइतकी ती कच्ची नाही, पण चष्मा डोक्यावर चढवलेला होता आणि चष्म्याशिवाय तिला स्वतःच्या हाताची बोटंसुद्धा दिसत नाहीत. "लवकर आलीस?" ती म्हणाली. मी सांगितलं, शो रद्द झाला, प्रोजेक्टर बिघडला. "अरेरे," दोघं एकदम म्हणाले, आणि ते इतकं मनापासून म्हणाले की मला त्या प्रोजेक्टरचा हेवा वाटला. "टीव्हीवर काय चाललं होतं?" "बातम्या," नवरा म्हणाला. "बातम्या बघून रडलीस?" मी आईला विचारलं. "बातम्याच तशा असतात हल्ली," आई म्हणाली आणि पेपराचं पान उलटलं, जे तिला दिसत नव्हतं.

मी आत गेले, बाथरूमचं दार लावलं आणि नळ सोडून उभी राहिले. बायकांचे नवरे चोरून काय काय करतात. कुणी पितो, कुणाचं बाहेर काही चालू असतं. माझा नवरा माझ्या आईबरोबर चोरून टीव्ही बघतो. कुणाला सांगावं तर लोक हसतील, न सांगावं तर आत जळत राहायचं. आणि राग तरी नेमका कशाचा यावा, हेही कळेना. टीव्ही मीच घेतलेला. सोफाही. संध्याकाळी मी बाहेर असते कारण माझं कामच बाहेर बसून बघण्याचं आहे. सिनेमे बघायचे, मालिका बघायच्या, पुस्तकं वाचायची, गाणी ऐकायची आणि ती कशी आहेत ते एका पेपराच्या पुरवणीत लिहायचं. नोकरी सांगितली की लोक म्हणतात, मजा आहे बुवा तुझी, सिनेमे बघायचा पगार मिळतो. पहिली काही वर्षं मीही हसून हो म्हणायची. आता कुणी तसं म्हटलं की त्याला धरून दोन आठवड्यांचे सगळे सिनेमे ओळीने दाखवावेत असं वाटतं, अंधारात मांडीवर वही ठेवून, ओळी अशा एकावर एक पडाव्यात की सकाळी आपल्याच आपल्याला लागू नयेत.

मजा कधी गेली ते सांगता येणार नाही. ती एका दिवशी गेली असती तर मी रजा तरी टाकली असती. पुस्तक उघडलं की हातात पेन्सिल लागते, आणि पेन्सिल हातात आली की ती खुणा करायला वाक्यं शोधते. गाणं लागलं की दुसरं कडवं कुठून उचललंय ते आधी कानात वाजतं आणि गाणं मागून येतं. सिनेमाचा शेवट चालू असतो, पडद्यावर कुणीतरी कुणाच्या तरी गळ्यात पडलेलं असतं, आणि मी परीक्षणाचं पहिलं वाक्य जुळवत असते. ते एकदा जुळलं की पुढचं माझ्यासाठी नुसता उजेड. आमच्या पुरवणीचा संपादक, ज्याला सगळे पुरवणीवाला म्हणतात, तो तर आधी विचारतो, "किती तारे?" आणि मग, "कशाबद्दल आहे?" मी दोन म्हटलं की तो अडीच करतो, मी साडेतीन म्हटलं की त्याला संशय येतो. शेजारच्या टेबलावर बसणारा, गाण्यांवर लिहिणारा एकजण आहे, त्याला आम्ही सुतकी म्हणतो, कारण लग्नातलं गाणं ऐकतानाही त्याचा चेहरा कुणीतरी गेल्यासारखा असतो. मी त्याला हसते. हसता हसता आरशात बघायचं राहून जातं. आणि आज बाथरूमच्या आरशात बघितलं तर ओठाचा डावा कोपरा खाली गेलेला, नाकपुडी किंचित वर, भुवया एकमेकींना भेटायला निघालेल्या. तोंडावर पाणी मारलं, तरी ते तसंच. बहुतेक ते आता तसंच असतं.

आईने मला सिनेमे दाखवले. ती टेलिफोनच्या कचेरीत ऑपरेटर होती, कामाची पाळी लवकर संपली की शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहायची आणि घरी न सांगता आम्ही दोघी दुपारच्या खेळाला जायचो. ती कुठलाही सिनेमा बघायची. नायकाची आई मेली की रडायची, नायकाची आई जगली तरी रडायची, विनोदी माणूस नुसता आत आला तरी पुढचं न ऐकता हसायला लागायची आणि आजूबाजूचे लोक तिच्या हसण्याने हसायचे. मला अर्धंअधिक कळायचं नाही. तिने माझं मनगट धरलं की मला कळायचं की आता भीती वाटायला हवी, सोडलं की झालं, संपलं. पुढे मी लिहायला लागले आणि ती फोनवर विचारू लागली, "हा बघू का गं? बघण्यासारखा आहे का?" मला ते फार आवडायचं. मी तिला सांगायची, हा बघ, तो नको, त्यातला पहिला अर्धा तास बघ आणि ऊठ. ती म्हणायची, बरं झालं विचारलं. ऑफिसात मी ते कौतुकाने सांगायची, की माझी सर्वांत आज्ञाधारक वाचक माझी आई. ती आमच्याकडे राहायला आल्यापासून तिने ते विचारणंही बंद केलं होतं, आणि माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. येत्या शनिवारी दादा तिला न्यायला येणार आहे. त्याच्या घरी बाळ येणार आहे, आणि आई तिकडेच राहणार, असं दोघांचं ठरलं. मला विचारलं तेव्हा मी एक पुस्तक संपवत होते. पुस्तक न मिटता म्हणाले, तुला बरं वाटत असेल तर जा. तेव्हा ते समजूतदारपणाचं वाटलं होतं. आता नळाखाली हात धरून उभं असताना मनात आलं, बाळाचं निमित्त असेल. माणूस ज्या घरात मोकळेपणी रडूही शकत नाही त्या घरातून तो जाणारच. हे मनात आलं आणि मग जाईना.

बाहेर आले. नवरा वाटीतले शेंगदाणे एकेक करून खात होता, कठड्यावरून चालणाऱ्या माणसासारखा जपून. माझा नवरा दात बनवतो. डॉक्टर नव्हे, डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा घेऊन पाठवतात आणि हा प्रयोगशाळेत बसून त्यावरून दात घडवतो. माणसं त्याला भेटत नाहीत, फक्त तोंडं भेटतात. सकाळी लवकर जातो, दुपारी परत येतो. म्हणजे दुपारपासून माझ्या येण्यापर्यंत हे दोघं. "कुठली मालिका?" मी सरळ विचारलं. त्याने आईकडे बघितलं, आईने पेपराकडे. "लॉन्ड्रीवाली," तो शेवटी म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लॉन्ड्रीवाली मालिका मी महिन्यापूर्वी चांगली धुऊन वाळत घातली होती. दोन बहिणी बापाची लॉन्ड्री चालवतात, एकमेकींशी बोलत नाहीत, कपड्यांना टाचलेल्या चिठ्ठ्यांवरून निरोप देतात, आणि पळून गेलेला भाऊ मध्येच उगवतो. दीड तारा दिला होता. "मी लिहिलेलं वाचलं नाहीत?" मी विचारलं. "वाचलं की," नवरा म्हणाला, "म्हणून तर लावली. तू लिहिलं होतंस, दोघींचा अबोला घाईघाईने उरकलाय, एकाही विरामाला श्वास नाही. मी आईंना म्हटलं, चला, वेगवान आहे, जांभया तरी येणार नाहीत. आणि अगं, काय सांगू! ती मोठी बहीण इस्त्री उचलते ना, तेवढ्यात मी आत जाऊन चहा टाकतो, गाळतो, घेऊन येतो, तरी बाईची इस्त्री अजून हवेतच." आई पेपरामागे हसली. मी म्हणाले, तुम्हाला संथ आणि वेगवान यातला फरक कळत नसेल तर माझा इलाज नाही. तो म्हणाला, "अगं पण चहा थंड होतो." मी म्हणाले, लावा, आत्ता लावा, मी दाखवते. मग म्हणाले, नको, माझ्याकडे आहे. आणि खोलीत जाऊन कॉम्प्युटर उघडला.

परीक्षण लिहिणाऱ्यांना कंपन्या आधीच एक दुवा पाठवतात. पडद्यावर आपलं नाव फिकट अक्षरांत आडवं पसरलेलं असतं, म्हणजे आपण ते कुणाला दिलं तर चोर सापडावा. नटीच्या डोळ्यांवरून, आंघोळीच्या दृश्यावरून, प्रेतावरून, सगळीकडून आपलंच नाव जात असतं. या दुव्याची मुदत अजून संपली नव्हती. मी तो उघडला. मोठी बहीण आली, इस्त्री उचलली, ठेवली. धाकटी आली, चिठ्ठी टाचली, गेली. सटासट. मी विजयाने हाक मारणार तेवढ्यात खालच्या कोपऱ्यात नजर गेली. तिथे बारीक आकड्यात वेग लिहिलेला असतो. दीडपट.

दीडपट मी ठेवते. सगळेच ठेवतात, कुणी सांगत नाही एवढंच. आठवड्याला इतक्या मालिकांचे इतके भाग, दिवस तेवढाच. कानाला सवय होते, आणि नंतर साधं बोलणं ऐकलं की माणसं मुद्दाम सावकाश बोलतायत असं वाटायला लागतं. आई बोलते तेव्हाही वाटतं. पण परीक्षण लिहिताना दीडपट मनात धरायची, वजा करायची, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे असं मी समजत होते. मी ती वजा करायला विसरले होते. जी घाई माझी होती ती मी दोन बहिणींच्या नावावर टाकली, आणि वर दीड तारा देऊन त्यांना शिक्षा केली. हसावं की रडावं कळेना. कहर म्हणजे त्या परीक्षणाखाली वाचकांनी लिहिलं होतं, अगदी बरोबर, फार घाई केली आहे. आणि सुतक्याने पुढच्या आठवड्यात त्या मालिकेच्या गाण्यांवर लिहिताना माझीच री ओढून लिहिलं होतं की अबोल्यासारखंच संगीतही धावपळीचं. म्हणजे त्याने बघितलीच नव्हती. मला त्याचा राग यायला हवा होता, आलाही, पण तो त्याच्यापर्यंत पोचण्याआधीच संपला. मी आकडा बदलला. एकपट. मोठ्या बहिणीने इस्त्री उचलली. आणि मग ती उचललेलीच राहिली. तिचा अंगठा मुठीवर किंचित हलला. मागे कुठेतरी पाणी गळत होतं, त्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मला हे दृश्य चांगलं वाटतंय की नाही ते कळायच्या आतच मनात वाक्य जुळायला लागलं, "दिग्दर्शकाला मौनाचा नेमका वापर", आणि मी कॉम्प्युटर फाडकन मिटला.

बाहेर येऊन मी कबूल केलं. वेग दीडपट होता. नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला. "म्हणजे तू घाई केलीस आणि म्हणालीस त्यांनी घाई केली," तो म्हणाला. "तोंडाचा साचा उलटा बसवला की खालचे दात वर येतात, तसं." मी म्हणाले, तू गप्प बस. आई हसली नाही. तिने पेपराची घडी घातली, चष्मा डोक्यावरून नाकावर आणला आणि मी नीट दिसू लागल्यावर म्हणाली, "होतं असं. एवढं काय." त्या 'एवढं काय'ने मी पेटले. म्हणाले, एवढं नाही तर मग मी आल्यावर टीव्ही का बंद करता? मी काय पोलीस आहे? मी कधी तुला बघू नको म्हटलंय? तू तुझ्या घरात बसून मालिका बघतेस, मी शेजारी बसले तर काय बिघडणार आहे? आवाज चढत गेला, तो मला ऐकू येत होता आणि थांबवता येत नव्हता. आणि शेवटी जे विचारायचं नव्हतं तेच विचारलं, "म्हणून चाललीस का दादाकडे?"

"बाळासाठी चाललेय," आई म्हणाली. मग थोडं थांबली. टेलिफोनच्या कचेरीत तिला लोकांचं बोलणं जोडून द्यायची सवय होती, स्वतः मध्ये बोलायची नव्हती. काही खरं सांगायचं असलं की ती आधी अशी थांबते. "पण तिकडे टीव्ही बघताना शेजारी कुणी नसतं, हेही आहेच." मी म्हणाले, मी काही बोलते का? "नाही गं. बोलत नाहीस. तेवढं शहाणपण आहे तुला. पण तू शेजारी बसलीस ना, की मी समोर बघतच नाही. तुझ्याकडे बघते. रडू यायला लागलं की आधी तुझं तोंड बघते. ते वाकडं असलं की वाटतं, आपण चुकीच्या जागी रडलो. मग ते परत जातं. आणि परत गेलेलं रडू फार त्रास देतं, इथे बसतं." तिने गळ्याच्या खाली हात लावला. "एकदा हसायचंही तसंच झालं. सबंध सिनेमा तुझ्या तोंडावरच बघितला मी. तिकीट वाया गेलं."

"वाईट मालिका आहे हे तुला कळतंय ना पण?" एवढंच तोंडातून बाहेर आलं, आणि ते निघताच मला ते परत घ्यावंसं वाटलं. आई पहिल्यांदाच चिडली. "मला काय डोकं नाही? तो भाऊ आला तेव्हा मीच यांना म्हटलं, जावईबापू, हा बाबा इतकी वर्षं होता कुठे, कुणी विचारणार आहे की नाही? कुणी विचारलंच नाही. मूर्खपणा आहे सगळा. पण त्या धाकटीने त्याला ताट वाढलं तेव्हा मला रडायला आलं. दोन्ही होतं माणसाला. तुला एकच होतं, मग मी काय करू?" नवरा खाली बघून शेंगदाण्यांची सालं गोळा करत होता. इतकी वर्षं मी चांगलं काय, वाईट काय ते लोकांना सांगत आलेय आणि हे दोन्ही एकदम होण्याबद्दल एक ओळ लिहिलेली नाही, कारण त्याला तारे किती द्यायचे ते पुरवणीवाल्याला समजलं नसतं. आणि मलाही. "तोंडाचं काय करू मी?" मी वैतागून म्हणाले. "काढून ठेवू?" "माझ्याकडे दे," नवरा म्हणाला, "साचा घेतो, नवीन बसवतो. हसरं." या वेळी आईही हसली, आणि मला हसू येतंय की आणखी कुणाला तरी ओरडावंसं वाटतंय हे ठरेना.

"किती राहिलंय?" मी विचारलं. शेवटचा भाग. निम्मा झाला होता, मी आले तेव्हा. तो आज संपवायचा, कारण उद्यापासून आईची बांधाबांध, आणि एकदा सामान काढलं की तिला कुठे बसायचं सुचत नाही. "लावा," मी म्हणाले. आईने रुमालाची घडी केली, उलगडली. मग अगदी हळू, एखाद्या परक्या बाईला सांगावं तसं म्हणाली, "तू आत बसशील का जरा? राग मानू नकोस. शेवटचाच आहे." मला ते तोंडात मारल्यासारखं लागलं. आत जावं, दार आपटावं, कानाला काहीतरी लावावं आणि दीडपट वेगाने काहीतरी बघत बसावं असं वाटलं. मी तशी वळलेही. मग खोलीच्या दाराशी थांबले. शनिवारनंतर या सोफ्याचं ते टोक मोकळं असेल आणि मी तिथे कितीही सरळ तोंड करून बसले तरी ते बघायला कुणी नसेल. मी परत आले, सोफ्यासमोरची छोटी मेजं पायाने सरकवली, आणि खाली फरशीवर, आईच्या पायांच्या पुढे, दोघांकडे पाठ करून बसले. फरशी गार होती. माझी पाठ सोफ्याच्या कडेला लागली. टीव्ही फार जवळ आला होता, सगळं मोठं आणि थोडं विचित्र दिसत होतं. "हे काय?" नवरा म्हणाला. "लाव," मी म्हणाले.

मोठी बहीण आली. लॉन्ड्री बंद व्हायची होती, कपडे उतरवले जात होते. ती धाकटीसमोर उभी राहिली आणि बोलली नाही. बोलली नाही म्हणजे किती वेळ बोलली नाही, ते मला आता दिसत होतं. वाक्य जुळायला लागलं, मी ते जुळू दिलं, मग पुढचा शब्द येईना आणि ते तसंच अर्धवट राहिलं. मधे एक फार वाईट संवाद आला, मागून शेंगदाणा फुटल्याचा आवाज आला, आणि माझा ओठ खाली गेला असेल तर गेला असेल. धाकटीने चिठ्ठीसाठी टाचणी शोधायला खिशात हात घातला, टाचणी नव्हती. हे कुठल्या सिनेमातून उचललंय ते मी तपासायला गेले नाही. माझ्यामागे आई हललीसुद्धा नाही. ती अजूनही थांबून राहिली होती, ते मला पाठीला कळत होतं.

"अगं," शेवटी तिने विचारलं, "तुला आवडतंय की नाही?"

"तुला काय करायचंय?" मी म्हणाले. आवाज घोगरा आला. "समोर बघ."

पडद्यावर दोघी तशाच उभ्या होत्या. मागे सोफा जरासा हलला, आणि मग आई मोठ्याने, अगदी बिनघोर रडायला लागली.